पाचशे तास

४ मार्च, सोमवार

व्हर्लिनने ही वही दिली. हिरवी आहे, वर कणसाचं चित्र, कुठल्यातरी बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेली. म्हणाला, काका, शेतीसाठी रोज जे काही कराल ते यात लिहा आणि पुढे किती तास ते लिहा. एक ओळ पुरे. मी विचारलं, कशाला? तर म्हणाला, सरकारचा नियम आहे. शेतीत आपण तिघं भागीदार: मी, जनेल आणि तुम्ही. नवराबायकोचं काही नाही, पण तुम्ही नात्यातले नाही, म्हणून यंदापासून तुमचे तास लेखी हवेत. कागदावर तुम्ही व्यवस्थापक आहात. वर्षाला पाचशे तास.

जनेल, त्याची बायको, मलईतल्या शेवया घेऊन आली होती. भांड्याखाली कागद होते. त्यांवर सह्या केल्या, गेली तीन वर्षं करतो तशाच. वाचले नाहीत. शेजाऱ्याने पुढे केलेला कागद त्याच्यादेखत वाचायचा म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. व्हर्लिनचा बाप गिल्बर्ट आणि मी चाळीस वर्षं एकमेकांचा गहू कापला तो हात मिळवून, कागद नव्हताच. शिवाय चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता.

नाही, चष्मा खिशात होता. ही वही सरकारसाठी आहे, तेव्हा खरंच लिहायला हवं. आठवीनंतर माझी शाळा सुटली. बारीक अक्षरातलं मला एका वाचनात कळत नाही आणि दोनदा वाचायची लाज वाटते.

एक ओळ पुरे म्हणाला होता. जास्त झालं.

तास: अर्धा, सह्यांचा. सह्या धरतात का ते विचारायला हवं.

५ मार्च

झोप नाही. जानेवारी आणि फेब्रुवारी कुणी काही न सांगता निघून गेले. उरलेल्या दिवसांतून रविवार वगळले तर रोज जवळजवळ दोन तास पडतात. आजचा दिवस हिशोबातच गेला. हिशोब म्हणजे व्यवस्थापन का? धरला नाही.

११ मार्च

पश्चिमेच्या तुकड्यावर गहू पाहायला गेलो. गुडघे टेकून फुटवे मोजले. बांधाकडची माती वाऱ्याने उडते आहे. व्हर्लिनला फोन करून सांगितलं की तिथे माती अडायला ढेकळं वर काढायला हवीत, उद्याच. तो म्हणाला, हो काका, बघतो.

तास: एक. त्यातली वीस मिनिटं गुडघ्यांवरून उठता येत नव्हतं म्हणून गेली, ती वजा.

१७ मार्च, रविवार

चर्चमधली मिसा झाल्यावर फिलोमिनाकडे गेलो. माझी मोठी बहीण, शहाऐंशी वर्षांची. गावच्या वृद्धाश्रमात असते. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं तिने, आणि अजून माझ्याशी बोलताना तिच्या हातात खडू असल्यासारखं वाटतं. तिला सांगितलं की मी आता व्यवस्थापक आहे. ती म्हणाली, "तू? तुला तर तुझं मांजर जुमानत नाही."

मी म्हटलं, व्हर्लिन विचारतो मला. ती म्हणाली, काय विचारतो? मला पटकन आठवलं नाही.

गावात जाताना वाटेत सहा गाड्या, सहा बोटं. येताना चार, चार. (स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, हाच आमच्याकडे नमस्कार. अख्खा हात हलवतो तो परका. सरकारातून कुणी वाचणारा परका असला तर त्याला कळावं म्हणून लिहिलं.)

२ एप्रिल

पश्चिमेच्या बांधाकडची ढेकळं काढलेली दिसली. आनंद झाला. माझं ऐकलं म्हणून व्हर्लिनला फोन केला. तो म्हणाला, ते काम मार्चच्या पहिल्या आठवड्यातच झालं होतं, काका. मग मी अकरा तारखेला काय पाहिलं? दुसरं शेत पाहिलं असेल. डोळे दाखवायला हवेत.

त्या तासाचं काय करायचं कळेना. तास तर गेला होता. ठेवला.

२९ एप्रिल

व्हर्लिनने जमिनीत एक काठी रोवली आहे. ओल किती आहे ते ती काठी त्याच्या फोनला सांगते. मी मूठभर माती दाबून दाखवली की बघ, अजून वाफसा नाही, ज्वारी पेरायला घाई करू नकोस. तो म्हणाला, काठी पण तेच म्हणते. मग आम्ही दोघं त्या काठीकडे बघत उभे राहिलो.

तास: पाव.

३१ मे

तीन महिन्यांत एकोणतीस तास. हे असंच चाललं तर वर्षअखेर शंभरसुद्धा होत नाहीत. सरकार विचारील, बाकीचे चारशे कुठे गेले? माझ्यामुळे व्हर्लिन अडचणीत यायला नको. उद्यापासून सकाळीच शेतावर जाऊन उभं राहायचं ठरवलं आहे. जेवणाचा डबा नेईन.

७ जून

जनेल गोड बोलून गेली. काका, फाटकाजवळ गाडी लावू नका, फवारणीचं यंत्र वळत नाही. मग मी रस्त्यावर लावली. मग टँकरवाल्याला अडचण झाली. मग पार गिल्बर्टच्या तुकड्याच्या कोपऱ्यात लावली आणि चालत आलो. तिने विचारलं, घरी कुणी नाही का बोलायला? मी सांगितलं, बोलायला नाही आलो, कामावर आलो आहे. तिने माझ्याकडे बघून मान खाली घातली. दमली असेल बिचारी.

तास: साडेतीन. चालण्याचे धरले नाहीत. (कालचे दोन तास खोडले. गाडीत झोप लागली होती.)

२३ जून, रविवार

काल संध्याकाळी दवाखान्यातून घरी सोडलं. परवाचं लिहायचं राहिलं आहे.

परवा, एकवीसला, कापणी ऐन भरात होती. मी सकाळी सातपासून गिल्बर्टच्या तुकड्याच्या कडेला उभा होतो. टोपी गाडीत राहिली होती आणि पाणीही. दुपारी दोनच्या सुमाराला पश्चिमेला काळं भरून आलं. खालून हिरवट दिसणारं, गारांचं. व्हर्लिन कंबाईन, म्हणजे कापणीचं यंत्र, जोरात हाणत होता. साठेक एकर राहिले होते. कंबाईन माझ्याकडे वळताना पाहिल्याचं आठवतं, पुढचं नाही.

मग मी पिकअपमध्ये होतो आणि व्हर्लिन गाडी चालवत होता. एका हाताने माझी कॉलर धरली होती, डोकं काचेवर आपटू नये म्हणून. मी म्हटलं, पोरा, ढग. तो म्हणाला, "गप्प बसा, काका." मी पुन्हा म्हटलं, कंबाईन कुणाकडे आहे? तो म्हणाला, शेतात उभं आहे. इंजिन चालू राहिलं असेल. बत्तीस मैल तो मला "झोपायचं नाही, झोपायचं नाही" म्हणत होता आणि गिल्बर्टच्या जुन्या गोष्टी विचारत होता, त्याला पाठ असलेल्या.

गारा पडल्या. साठ एकर झोपले. पाऊण तास मिळता तर निम्मं तरी वाचलं असतं. पिकल्या गव्हावर ढग आलेला असताना कंबाईन सोडून निघालेला माणूस मी एक्क्याऐंशी वर्षांत पाहिला नव्हता. बाळंतिणीसाठीसुद्धा लोक थांबत नाहीत, शेजारणीला पाठवतात.

त्याने एका शब्दाने ते काढलं नाही. जनेलने सूप पाठवलं. भांड्याखाली काही नव्हतं.

तास: नाहीत. व्यवस्थापक आडवे होते.

१६ जुलै

धान्यकोठाराच्या कचेरीत सकाळी कॉफी असते. आज गेलो तर बोलणं थांबलं. क्लीटस उठला आणि म्हणाला, "मॅनेजरसाहेबांना खुर्ची द्या रे. उभ्याने सरकारचा पैसा सांडायचा."

क्लीटस माझ्याबरोबर शाळेत होता. पहिल्यापासून असाच. मी हसलो. मग त्याने फोन पुढे केला. कुठल्याशा संस्थेने आपल्या काउंटीतल्या सगळ्या शेतकऱ्यांची यादी टाकली आहे, कुणाला गेल्या वर्षी सरकारी अनुदान किती मिळालं त्याची. सगळ्यात वर तीन नावं, तिन्हींपुढे तोच आकडा, एक लाख अठरा हजार. व्हर्लिन. जनेल. अँब्रोस वासिंगर.

मी म्हटलं, चूक आहे. मला एवढे मिळाले असते तर मी आधी दात बसवले असते. सगळे हसले आणि मला वाटलं, मिटलं. पण कॉफी कुणी ओतली नाही.

क्लीटसचंही नाव होतं यादीत, खूप खाली. सगळ्यांचीच होती. भाव पडला, पाऊस रुसला की तो पैसा सगळ्यांकडे येतो. आपला येतो तेव्हा तो हक्क, शेजाऱ्याचा येतो तेव्हा खिरापत.

माझ्याकडे व्हर्लिनकडून जमिनीचा खंड येतो आणि नाताळात डुकराची तंगडी. चेक म्हणून मी काही पाहिलेलं नाही.

परत येताना पाच गाड्या. दोन बोटं.

२१ जुलै, रविवार

फिलोमिनाने ती यादी नर्सकडून कागदावर काढून ठेवली होती. तिने मला समजावलं, फळ्यावर समजवावं तसं. सरकार एका माणसाला एका हद्दीपर्यंतच देतं. दोन माणसं असली तर दोन हद्दी. तीन असली तर तीन. फक्त तिसरा माणूस खरोखर शेती करणारा हवा, निदान डोक्याने तरी.

"व्हर्लिनचं एका ताटात भागत नाही. जनेलचं दुसरं. तिसऱ्या ताटावर नाव तुझं, अँब्रोस. जेवतो तो."

मी म्हटलं, मी काम करतो. तिने विचारलं, किती तास झाले? म्हटलं, अठ्ठेचाळीस. ती हसली, खोकला येईपर्यंत हसली. मग थांबली आणि माझा हात हातात घेतला. तिने माझा हात आई गेली तेव्हा धरला होता. मला भीती वाटली आणि मी निघून आलो. मांजराला खायला घालायचं आहे म्हणालो.

२६ जुलै

व्हर्लिनला विचारायचं म्हणून गेलो. सबंध वाट शब्द जुळवले. तो यंत्राखाली आडवा होता, पाय तेवढे बाहेर. मी पायांना विचारलं, डिझेल काय भावाने मिळतंय? पायांनी सांगितलं. परत आलो.

विचारलं तर तो म्हणेल, काका, तुमचा माझ्यावर विश्वास नाही? ज्याने माझी कॉलर धरली त्याला मी काय म्हणू?

४ ऑगस्ट, रविवार

फिलोमिनाकडे गेलो नाही. मागच्या रविवारीही नाही. ती चुकते आहे असं मला वाटत नाही, म्हणून.

सात गाड्या, एक बोट. तो कीटकनाशकांचा विक्रेता होता. या भागातला नाही.

२० ऑगस्ट

शेतकी कचेरीचं पत्र आलं. तिघा भागीदारांनी पाच सप्टेंबरला सकाळी दहा वाजता यावं. अँब्रोस वासिंगर यांनी तासांची नोंदवही सोबत आणावी. माझं नाव छापलेलं होतं. तीन वेळा वाचलं. इथे कुणी पाहत नव्हतं, म्हणून लाज वाटली नाही.

२२ ऑगस्ट

दोघं आले. जनेलने कोबी आणि खिमा भरलेले पाव आणले, गरम. एक नवी वही आणली, हिच्यासारखीच हिरवी, तेच कणीस. तीन पेनं: निळं, काळं आणि एक जवळजवळ संपलेलं. टाइप केलेले सहा कागद, मार्चपासून ऑगस्टपर्यंतचे, आणि सोबत दुमडलेले जानेवारी-फेब्रुवारीचे दोन. जनेल म्हणाली, हिशोब नीट बसवलाय. आतापर्यंतचे तीनशे चाळीस होतात, पेरणी धरून वर्षाचे पाचशे बारा. कधी निळ्याने, कधी काळ्याने लिहा.

व्हर्लिन टेबलाकडे बघत होता. म्हणाला, "फक्त उतरवायचं, काका. तुमच्या अक्षरात."

मी म्हटलं, माझी वही आहे की. मी रोज लिहिलंय. म्हणाला, ती असू दे घरी. वाचलीस का, विचारलं. नाही म्हणाला. मग त्याला कसं कळलं की ती चालणार नाही? हे मी विचारलं नाही.

मग त्याने सांगितलं. तिसरा हिस्सा खोटा ठरला तर गेल्या तीन वर्षांचा परत द्यावा लागेल आणि पुढचा बंद. मग गिल्बर्टचा तुकडा विकावा लागेल. दुसरं काही विकण्यासारखं नाही. त्याचा आवाज बापासारखा झाला होता. तो तुकडा गिल्बर्टच्या आजोबांनी घेतलेला. तिथले दगडी खांब मी आणि गिल्बर्टने उभे केले, एकोणीसशे एकसष्टच्या हिवाळ्यात. माझ्या हातावर अजून त्याचा वण आहे.

मी म्हटलं, उतरवतो.

ते गेल्यावर पाव तसेच राहिले. मांजराने कोबी खाल्ला नाही, खिमा खाल्ला.

२६ ऑगस्ट

माझा हात हळू चालतो. एका पानाला एक तास जातो. आतापर्यंत अकरा तास झाले. न केलेल्या कामाचे तास उतरवायला जे तास लागतात ते कशात धरायचे? सरकारला विचारता येण्यासारखं नाही.

"१२ मार्च. बियाण्याच्या जातींबद्दल चर्चा, चार तास." बारा मार्चला मी पायाच्या अंगठ्याचं नख काढायला गेलो होतो. तरी लिहिलं, निळ्याने. अक्षर छान आलं. आपण लिहिलं की खरं वाटतं, हे मला माहीत नव्हतं. थोडा वेळ मला ती चर्चा आठवतसुद्धा होती.

३० ऑगस्ट

मे संपला. फादरना कबुली द्यावी का? पण फादरचा भाऊ धान्यकोठारात आहे.

२ सप्टेंबर

वीस जूनपर्यंत आलो. पुढची ओळ: "२१ जून. कापणीचं नियोजन व देखरेख, दहा तास."

काळं पेन घेतलं. तारीख लिहिली. मग थांबलो.

कॉफी केली. परत बसलो. हात चालेना. हे चुकीचं म्हणून नव्हे. बारा मार्चही चुकीचंच होतं आणि ते मी लिहिलं. पण इथे दहा तास लिहिले तर त्या दिवशी मी ठणठणीत उभा होतो, नियोजन करत. मग कंबाईन सोडून कोण आलं? बत्तीस मैल कोण बोलत होतं? साठ एकर कशासाठी गेले? नव्या वहीत ते घडलंच नाही. मला वाटतं, व्हर्लिनने आपले कागद नीट वाचले नाहीत. वाचले असते तर त्यानेच ती ओळ खोडली असती. की वाचले आणि राहू दिली?

पेन ठेवलं. उचललं. ठेवलं. अंगणात फिरलो. गिल्बर्टचा तुकडा आमच्या अंगणातून दिसतो.

४ सप्टेंबर

अजून तिथेच. व्हर्लिनचा फोन आला, झालं का? मी म्हटलं, जवळजवळ. फिलोमिनाला फोन केला. दीड महिना गेलो नव्हतो, तरी तिने ते काढलं नाही. काय करू ते विचारलं. तिने आयुष्यात पहिल्यांदाच मला उत्तर सांगितलं नाही. म्हणाली, पेपर तुझा आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

कोटाच्या डाव्या खिशात ही वही, उजव्या खिशात ती. कुठली द्यायची ते कचेरीच्या पायऱ्या चढेपर्यंत मला माहीत नव्हतं. व्हर्लिनने दार धरलं आणि हळूच म्हणाला, काका, टाय चांगला आहे.

तपासायला दुसऱ्या काउंटीतून एक बाई आली होती, मिस ट्रेव्हिनो. तरुण. स्वतःच्या थर्मासमधली कॉफी पीत होती. तिने आधी व्हर्लिनचे कागद पाहिले, मग जनेलचे. मग माझ्याकडे वळून विचारलं, नोंदवही आणलीत का? व्हर्लिन खिडकीबाहेर बघायला लागला. माझा हात डाव्या खिशात गेला.

आता घरी बसून विचार करतो आहे की मी ठरवलं का हाताने ठरवलं. डाव्या खिशात नेहमी जपमाळ असते. सवयीने गेला असेल. पण वही बाहेर आल्यावर ती परत ठेवता आली असती, आणि मी ठेवली नाही. एवढं मात्र माझं.

ती पाऊण तास वाचत होती. एकदा हसली, बहुतेक गुडघ्यांच्या ओळीपाशी, आणि तोंडावर हात धरला. जनेलला पानांवरूनच कळलं असावं की ही जुनी वही. ती रडली नाही, पर्स बंद करत राहिली, बंदच होती ती.

मिस ट्रेव्हिनोने विचारलं, एकूण तास एकसष्ट होतात का? मी म्हटलं, एकोणसाठ. दोन खोडले आहेत. ती म्हणाली, झोपलात ते. मी म्हटलं, हो.

मग तिने मागची पानं चाळली, एका पानावर थांबली, बहुतेक दोन सप्टेंबरच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग वही फिरवून व्हर्लिनपुढे सरकवली, बोट त्या पानावर ठेवून. तिने ते का केलं, मला सांगता येत नाही. व्हर्लिनही माझ्यासारखाच हळू वाचतो. वाचून झाल्यावर उठला. म्हणाला, पार्किंगचे पैसे टाकून येतो. आमच्या गावात पार्किंगला पैसे पडत नाहीत. वीस मिनिटांनी आला.

ती मला म्हणाली, "मिस्टर वासिंगर, हे तुम्ही समजून दिलंत ना?" मी म्हटलं, समजायला मला वेळ लागतो, पण हो. तिने पानांच्या नकला काढून घेतल्या आणि वही परत दिली.

बारा मैल आम्ही तिघं एकाच पिकअपमधून घरी आलो. समोरून क्लीटस आला. त्याने बोट उचललं. व्हर्लिनने उचललं नाही. मीही.

१६ सप्टेंबर

निकालाचं पत्र. फिलोमिना म्हणाली होती तसंच. तिसरा हिस्सा बंद, मागचा परत. मला शिक्षा नाही. मला वाटलं होतं तुरुंग होईल, मांजराची सोय कुणाकडे करावी याचीही यादी केली होती.

व्हर्लिनचा फोन नाही. जनेल काल चर्चमध्ये माझ्या बाकावर न बसता दुसऱ्याच बाकावर बसली.

२० सप्टेंबर

गिल्बर्टच्या तुकड्यावर विक्रीची पाटी लागली. अंगणातून दिसते, म्हणून मागच्या दाराने जातो.

धान्यकोठारात कॉफी मिळाली. क्लीटस म्हणाला, आमचा अँब्रोस शेवटी सरळ माणूस. पाठीवर थाप मारली. माझ्या जन्मात कॉफी इतकी कडू लागली नव्हती. क्लीटसचा भाऊ तो तुकडा बघून गेला म्हणे, दोनदा.

नऊ गाड्या, आठ बोटं. मोजायचं आता बंद करीन.

२२ सप्टेंबर, रविवार

फिलोमिनाला विचारलं, बरोबर केलं का मी? ती म्हणाली, बरोबर केलंस. मग म्हणाली, त्याने झोप येते असं कुणी सांगितलंय?

व्हर्लिन माझीही जमीन सोडेल, असं ती म्हणते. सोडली तर कुणाला द्यायची? गवत माजू द्यावं. मला काय.

२८ सप्टेंबर, शनिवार

पहाटे इंजिनाचा आवाज आला. अंगणात व्हर्लिनचा पिकअप. मी बूट घालून पायरीवर आलो. तो उतरला नाही, दिवे चालूच. मी पायरीवर, तो गाडीत. बरा आहे की वाळला आहे, अंधारात कळेना. मांजर गाडीखाली जाऊन बसलं.

मग त्याने काच खाली केली. म्हणाला, "काका, तुमचा ओढ्याकडचा तुकडा पेरू का आज?"

त्याच्या काठीला ते माहीत आहे. त्याच्या फोनला माहीत आहे. मला माहीत आहे की त्याला माहीत आहे. तरी मी गाडीत बसलो. आम्ही ओढ्यापर्यंत गेलो. तिथे मी टाचेने चार बोटं खणलं, मूठभर माती घेतली, दाबली. मूठ उघडली तर ढेकूळ तसंच राहिलं, बोटांचे ठसे घेऊन. गुडघ्यांवरून उठताना त्याने काखेत हात घातला.

मी म्हटलं, आज नको. चिकटतेय. सोमवारी दुपारी.

तो म्हणाला, रविवारी रात्री पाऊस सांगितलाय.

मी म्हटलं, सांगू दे.

त्याने आकाशाकडे बघितलं, मग माझ्या मुठीकडे. बरं म्हणाला. मला घरी सोडलं, बापाच्या तुकड्यासमोरून न जाता, लांबच्या रस्त्याने. पेरणीयंत्र माझ्या अंगणाबाहेर ट्रॅक्टरला जोडलेलं उभं होतं, ते सोडवून ठेवलं आणि गेला.

आता दुपारचे तीन झाले. पश्चिमेला पांढरं काहीतरी दिसतं आहे. नुसता धूर असेल. पाऊस आला तर ओढ्याकडचं आठवडाभर पेरता येणार नाही, आणि मग तो म्हणेल, म्हाताऱ्याचं ऐकलं. चार वेळा बाहेर जाऊन आलो. खिशातलं ढेकूळ अजून फुटलेलं नाही, म्हणजे मी म्हणतो तेच बरोबर असावं.

ही वही आता कुणाला दाखवायची नाही. तरी लिहितो.

तास: पाऊण. त्यातली दहा मिनिटं तो अंगणात गाडीत नुसता बसून होता. तीही धरली आहेत.